सातशे चौदा बाटल्या

आजवर शंभराहून अधिक शाळांत मी माझ्या वडिलांवर मुलांना हसवलं आहे. ते माझे वडील आहेत हे न सांगता, एवढंच.

शाळाशाळांत जाऊन समुद्रातल्या प्लास्टिकबद्दल तास घेणं हे माझं काम. त्याआधी नऊ वर्षं मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. तास पस्तीस मिनिटांचा असतो. आधी काचेच्या बरणीत किनाऱ्यावरची वाळू टाकायची, मिठाचं पाणी ओतायचं, ढवळायचं आणि निवळू द्यायचं. वाळू खाली बसते, रंगीत कण वर येतात. पुढची मुलं मान पुढे काढून बघतात. पण सहाव्या मिनिटाला मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होतेच. त्या मिनिटासाठी मी मास्तरांची गोष्ट राखून ठेवली होती.

"एक मास्तर होते," मी सांगायची. "भूगोलाचे. सागरी प्रवाह शिकवायचे म्हणून दर वर्षी सहावीच्या वर्गाला धक्क्यावर न्यायचे. प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची बाटली. तळाला मूठभर वाळू, म्हणजे ती पाण्यात उभी राहते. आत एक कार्ड. त्यावर शाळेचा पत्ता आणि विनंती, की ही बाटली कुठे सापडली ते लिहून पोस्टात टाका. बूच मेणानं बंद. मास्तरांनी शिट्टी वाजवली की चाळीस बाटल्या एकदम समुद्रात!"

इथे मी हात मागे नेऊन फेकल्यासारखं करायची.

"मग मास्तर वाट बघत बसायचे. कार्ड आलं की नकाशावर टाचणी टोचायचे. एकदा अकरा महिन्यांनी एक कार्ड आलं. मास्तर खूश. वाचतात तर काय, बाटली सापडली शाळेच्याच मागच्या खडकांत! मुलं हसायला लागली. तर मास्तर म्हणतात, 'हसता काय? जग फिरून घरी आलीय ती.'"

हशा. तो ओसरायच्या आत मी विचारायची, "अशा हजारो बाटल्या टाकल्या त्यांनी. आता सांगा, मास्तरांनी समुद्रात काय सोडलं? ज्ञान की कचरा?"

"कचरा!" सगळा वर्ग एका आवाजात.

त्यानंतर वर्ग माझा.

शेवटी कुणीतरी विचारतंच, की बाई, तुम्ही हे काम का करता? त्याला मी कासवाची गोष्ट सांगायची. नाकात नळी अडकलेलं कासव. असं कासव मी प्रत्यक्ष कधीही पाहिलेलं नाही.

बाबा जाऊन तीन महिने झाले आणि त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. त्या स्वतः बाबांच्या विद्यार्थिनी.

"ताई, सहावीला तुमचा तास हवाय. सरांच्याच वर्गात. आणि मुलांना जरा सांगा ना, या कामाकडे कशा वळलात. प्रेरणा वगैरे. त्यात सरांचं नाव आलं तर आम्हालाही बरं वाटेल."

मी हो म्हटलं. तारीखही लिहून घेतली. मग फोन हातात धरून स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. त्या वर्गात सहाव्या मिनिटाला मी काय सांगणार होते?

बाबा एकदाच माझ्या तासाला आले होते. दोन वर्षांपूर्वी, न कळवता. गावाबाहेरची शाळा होती. बस बदलून आले होते. मी बरणी ढवळत होते तेव्हा मागचं दार उघडलं आणि ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून तिरके बसले. शेजारच्या मुलानं दप्तर उचलून त्यांना जागा करून दिली.

तेव्हा तिसरं मिनिट चालू होतं. म्हणजे विचार करायला माझ्याकडे तीन मिनिटं होती. मी ती वाळू निवळण्याकडे बघण्यात घालवली आणि सहाव्या मिनिटाला म्हटलं, "एक मास्तर होते."

ते हसले. खडकांतल्या बाटलीला तर मुलांबरोबर चांगले मोठ्यानं हसले. मग मी माझा प्रश्न विचारला आणि मुलं ओरडली. मी त्या वेळी फळ्याकडे वळले. तिथे लिहायचं काहीच नव्हतं, तरी वळले.

परतताना बसथांब्यावर ते म्हणाले, "इन्स्पेक्टरबाई, आकडा चुकला तुमचा."

लहानपणापासून ते मला इन्स्पेक्टर म्हणत. पाचवीत असताना मी त्यांच्या फळ्यावरची एक चूक भर वर्गात दाखवली होती, तेव्हापासून.

"कुठला आकडा?"

"हजारो म्हणालीस. सातशे चौदा आहेत. एकोणीस वर्षं, दर वर्षी एक तुकडी. हजारो कुठून काढलेस?"

"बाबा, ते असं बोलण्याच्या ओघात..."

"वर्गात ओघ नसतो. वर्गात आकडा असतो." मग बसच्या दिशेनं बघत, "आणि ती खडकांतली बाटली फिरून आली नव्हती, हे तुला काय माहीत?"

मी हसले. तेही हसले. मला वाटलं, चला, निभावलं.

बस दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "प्लास्टिकच का, तेही सांगायला हवं होतंस."

"वेळ नसतो हो बाबा."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. त्या हातात बरणीची पिशवी होती. "जड आहे का? दे इकडे," म्हणाले, आणि पिशवी घेऊन बसमध्ये चढले.

पुढच्या आठवड्यात आईचा फोन. आवाज चढलेला. "तू काय सांगितलंस गं यांना? सकाळी सहाला पोतं घेऊन किनाऱ्यावर जातात. बाटल्या वेचतात. शेजारीण काल मला विचारते, मास्तरांचं पेन्शन अडकलंय का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पेन्शन चालू आहे, डोकं अडकलंय."

मागून बाबांचा आवाज आला, "तिला सांग, आज एकवीस!"

त्यांनी जेवढ्या सोडल्या तेवढ्या बाहेर काढायचं ठरवलं होतं. नियम त्यांचे त्यांनीच केले. बूच नुसतं असेल तर धरायचं नाही. फुटकी असेल तर अर्ध्याहून मोठा तुकडा हवा. दिवसाला कितीही सापडोत, पाण्याच्या रेषेवरच्याच मोजायच्या. वर बसून पिणाऱ्यांनी टाकलेल्या उचलायच्या, पण मोजायच्या नाहीत. "त्या त्यांच्या आहेत," ते म्हणायचे. गुडघे दुखले की चार चार दिवस जायचे नाहीत. मग पुन्हा निघायचे. दर रविवारी मला फोन. "या आठवड्यात नऊ. आपली एकही नाही." मी तेव्हा पुढच्या आठवड्याचे तास लावत असायची. "हं," म्हणायची. "वा," म्हणायची. एकदा तर "हं" म्हणून मी फोन ठेवून दिला आणि नंतर लक्षात आलं की ते मला काहीतरी विचारत होते.

काय विचारत होते ते त्यांनी पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं.

"तुझ्या तासात मला दहा मिनिटं देशील का?"

"कशाला?"

"मास्तरांची गोष्ट मास्तरांनीच सांगावी म्हणतो."

"बाबा, पस्तीस मिनिटांत माझं सगळं बसवलेलं आहे."

"बसवलेलं? नाटक आहे का?"

"पुढच्या सत्रात बघू."

पुढच्या सत्रात त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, आता अभ्यासक्रम बदललाय, मुलांना तुमची पद्धत जड जाईल. तिसऱ्यांदा त्यांनी पाच मिनिटं मागितली. तेव्हा मी काय सांगितलं ते आठवत नाही, म्हणजे ते आठवण्याजोगं नसणार. खरं कारण मला ठाऊक होतं. पांढऱ्या केसांचा, गुडघे धरून उभा राहणारा तो माणूस एकदा वर्गात आला असता, तर त्याच्यावर मला पुन्हा कुणाला हसवता आलं नसतं. आणि ते सहावं मिनिट मला हवं होतं.

मग न्यूमोनिया. आठ दिवस दवाखाना. किनाऱ्यावरच्या हवेचा त्याच्याशी संबंध आहे का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं. सहाव्या दिवशी बाबा नळ्या बाजूला सारत म्हणाले, "तो पाठ राहिला गं."

"बरे व्हा आधी. मग घेऊ."

"घेऊ?"

"घेऊ ना. दोघं मिळून."

मला उशीर झालाय हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी मान हलवली, एखाद्या विद्यार्थ्यानं गृहपाठ उद्या नक्की आणतो म्हटल्यावर हलवायचे तशी.

शाळेचा तास दोन दिवसांवर आला तेव्हा मी आईकडे गेले. ती दारातच चपला झटकत होती. चपलांना वाळू होती.

"कुठे गेली होतीस?"

"चालायला. डॉक्टरांनी सांगितलंय." दाराआड एक पिशवी होती, ती तिनं पायानं आत सरकवली. "वाटेत दिसली तर उचलते एखादी. मोजत वगैरे नाही हं मी." आणि चहा ठेवताना पाठ करूनच म्हणाली, "पाचशे एक्क्याण्णव."

मी तिला सांगितलं, त्यांच्या वर्गात तास आहे आणि काय बोलू ते कळत नाही. मास्तरांच्या गोष्टीबद्दलही सांगितलं. किती शाळांत, किती वेळा, सगळं. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता रागावेल.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "घरी येऊन करून दाखवली होती त्यांनी. हात असा मागे नेऊन. पण तुझ्याइतकी जमली नाही." मग कपाटातून तिनं दवाखान्यात नेलेली पिशवी आणली. तिला आम्ही दोघींनी हात लावला नव्हता. चष्मा, पंचा, कंगवा, आणि जाड पुठ्ठ्याची वही. बाबांची पाठटाचणाची वही. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी रेघा मारलेली, रकाने पाडलेली. डावीकडे शिक्षकाचं काम, मध्ये मुलांचे प्रश्न, उजवीकडे अपेक्षित उत्तर.

पाठाचं नाव: माझी चूक. इयत्ता: सहावी. वेळ: पस्तीस मिनिटं. पस्तीसला काट मारून दहा. दहालाही काट मारून पाच.



'प्लास्टिकच्या बाटल्या: ७१४. परत आलेली कार्डं: ४१. आकडे फळ्यावर लिहावेत. वजाबाकी मुलांना करू द्यावी.'

'मग खडकांतल्या बाटलीचा किस्सा. ती सांगते तसा सांगावा. मुलं छान हसतात.'

'प्रश्न: काचेच्या बाटल्या का नाही वापरल्या? अपेक्षित उत्तर: आधी वापरत होतो. एका विद्यार्थिनीच्या हाताला काच लागली.'

ती विद्यार्थिनी मी. सहावीत होते. धक्क्याच्या कठड्यावर आपटून बाटली माझ्या हातातच फुटली. डाव्या तळव्याला चार टाके. बाबांनी मला उचलून दवाखान्यापर्यंत पळत नेलं, मागे चाळीस मुलांची रांग. दुसऱ्या वर्षीपासून प्लास्टिक आलं. "आता कुणाला लागणार नाही," ते वर्गात म्हणाले होते. मी शंभर शाळांत गोष्ट सांगितली आणि एकदाही इथपर्यंत आले नाही. वेळ नसतो, म्हणून. आणि त्यांनी स्वतःच्या चुकीच्या पाठातसुद्धा माझं नाव घातलं नव्हतं. एक विद्यार्थिनी.

त्याखाली शेवटचा प्रश्न होता: 'तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं का?' अपेक्षित उत्तर आधी लिहिलं होतं, 'नव्हतं.' ते खोडून, 'माहीत करून घेतलं नाही.'

आई म्हणाली, "चहा घे. साय येतेय."

वर्ग पहिल्या मजल्यावर, तोच. नकाशा केव्हाच काढलेला. पण तो ज्या फळीवर होता ती फळी भिंतीवर होती, आणि तिच्यात टाचण्यांची भोकं. नकाशा नाही, देश नाहीत, नुसती भोकं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "रंगवू म्हणतो, पण राहून जातं." आणि त्या दाराशी उभ्या राहिल्या.

मी बरणी पिशवीतून काढलीच नाही. टेबलावर वही उघडली.

"एक मास्तर होते," मी म्हटलं. "ते माझे बाबा. या वर्गात शिकवायचे."

फळ्यावर दोन आकडे लिहिले. वजाबाकी करायला सांगितली. पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी सगळ्यांत आधी म्हणाली, "सहाशे त्र्याहत्तर."

"इतक्या अजून समुद्रात आहेत?" मागून एकानं विचारलं.

"बाटल्या असतील. तुकडे असतील. मासे खातात तेवढे बारीक झाले असतील. पण आहेत."

मग खडकांतली बाटली सांगितली. हात मागे नेऊन. मुलं हसली. वहीत लिहिलंच होतं, मुलं छान हसतात. मी थांबले आणि त्यांना पूर्ण हसू दिलं. या वेळी पुढे माझा प्रश्न नव्हता.

"मग घरी तुम्ही त्यांना ओरडलात का?" त्याच मागच्या मुलानं विचारलं.

"नाही. मी हा किस्सा शाळाशाळांत सांगत फिरले. ते कोण हे सांगितलं नाही. एकदा ते समोर बसले होते, तरी सांगितला."

वहीत यासाठी काही लिहिलेलं नव्हतं.

"त्यांना राग आला?"

"ते म्हणाले, आकडा चुकला."

दाराशी मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पदरानं पुसला. त्यांना प्रेरणा हवी होती. मी त्यांच्याकडे न बघता मुलांना सांगितलं, "मी हे काम का करते असं सगळे विचारतात. मी कासवाचं सांगते. ते खरं नाही. मला माझ्या बाबांहून बरोबर ठरायचं होतं. समुद्र नंतर आला."

"आता झालात का बरोबर?" दोन वेण्यांची म्हणाली. टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही."

मी पुढचा प्रश्न वाचला, काचेच्या बाटल्यांचा. उत्तर वाचलं. एका विद्यार्थिनीच्या हाताला काच लागली.

"कुणाच्या?" तीच.

हेही वहीत नव्हतं. मी खडू खाली ठेवला आणि डावा हात उघडून तिच्यासमोर धरला. पुढचे दोन बाक उठून आले. तळव्याच्या कडेला पांढरी रेघ आहे, वयाबरोबर थोडी वाकडी झालेली.

"किती टाके?"

"चार."

"चारच?" कुणीतरी निराश होऊन म्हणालं. "मला सात आहेत, दाखवू?"

ते गुडघ्यावरचे सात टाके बघण्यात पाऊण मिनिट गेलं. बाबा असते तर त्यांनी ते मोजूनही घेतले असते. मग मी शेवटचा प्रश्न स्वतःच विचारला, की तेव्हा त्यांना माहीत नव्हतं का, आणि त्यांचं उत्तर वाचलं. खोडलेलंही वाचलं. आणि म्हटलं, "मला मात्र माहीत होतं. प्लास्टिक का, ते मला माहीत होतं."

घंटा व्हायला दोन मिनिटं उरली होती. मी वहीतल्या शेवटच्या ओळीतला गृहपाठ फळ्यावर उतरवला, त्यांच्या शब्दांत, त्यांच्यासारखं अक्षर काढायचा प्रयत्न करत:

'घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारा: तेव्हा बरोबर वाटलं म्हणून केलं आणि आता चूक वाटतं, असं काय केलंत? त्यांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबावं.'

मुलं लिहून घेऊ लागली. दोन वेण्यांच्या मुलीनं लिहिता लिहिता हात वर केला.

"बाई, आजोबांना विचारलं तर चालेल? पण ते फार वेळ बोलतात. मध्येच विसरतात, मग पहिल्यापासून सुरू करतात."

"चालेल," मी म्हटलं. "थांब तू."